माहेरची वीट

वैनगंगेच्या पात्रातलं करंजटोला हे इवलंसं बेट इंदूबाईचं माहेर. लेक सासरी निघाली, की डोंग्यात तिच्या मांडीवर माहेरच्या चुलीची एक वीट ठेवायची, अशी तिथली रीत. नदी ओलांडली तरी चूल आपलीच राहते, म्हणायचे. इंदूबाईची वीट नागपुरात, इंदोरा वस्तीतल्या खोलीत चुलीखाली बसली आणि काजळून गेली. उशीएवढी मोठी वीट, बेटाच्या काठावरच्या जुन्या टेकडीतून कोण्या आजोबांनी उकरून आणलेली.

सत्तर सालच्या हिवाळ्यात धोंडबामामा आला तो दारातूनच ओरडत. "इंदे, आपली टेकडी खोदून राहिले वं! बुद्धाचा स्तूप निघाला तिथं!"

इंदूबाईची भाकर तव्यावरच करपली. दीक्षा घेतल्यापासून ती रोज संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, आणि त्याच खोलीत स्तुपाच्या विटेवर मासोळ्या रांधायची. तिला अन्न गोड लागेना. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखू लागलं.

"विटेले काय डोळे हायेत?" नवरा देवाजी वैतागला. "रांध अन् जेवू घाल."

शेवटी तिने चूल मोडली, वीट लुगड्यात गुंडाळली आणि गाडी पकडली.

वीट टेकडीला परत करायची हे ऐकून माय बायजाबाई कपाळावर हात मारून हसली. "मग मी घर परत करू काय? जोतं त्याच विटांचं हाय. पूर आला तवा सारा टोला टेकडीवरच चढला होता. तू तिथंच झाली, पोरी. चुलीतून उचलून नेलेल्या याच विटेवर माह्यं डोकं होतं. घरी ने. भरली चूल मोडून येते काय कोणी?"

तरी इंदूबाई टेकडीवर गेलीच. खोदलेल्या लाल भिंतीपाशी तिने वीट ठेवली, हात जोडले आणि लहानूभाऊच्या डोंग्यात येऊन बसली. मन हलकं होईल असं वाटलं होतं. अर्ध्या पात्रात आल्यावर तिने मागे पाहिलं. सगळ्या लाल विटांत ती एकच काळी, उघड्यावर.

"लहानूभाऊ, डोंगा फिरव गा."

"काहून? काही विसरली काय?"

"हो."

वीट परत चुलीखाली बसली. देवाजीला मासोळ्या मिळत राहिल्या, पण बाहेर, कोळशाच्या शेगडीवर. चिलटं हाकलत तो कुरकुरायचा, "बुद्ध आत, अन् मी बाहेर!"

इंदूबाई हसायची. पण काडी ओढली, की चुलीपाशी तिचा हात क्षणभर थांबायचा. ती सवय शेवटपर्यंत सुटली नाही.