पूर्वेचे दरवाजे

मंडईजवळ होऊ घातलेल्या नव्या बंदिस्त स्टेडियमचा आराखडा पडद्यावर आला आणि तो तयार करणारी वल्लरी पुढे वाकून बघू लागली. पूर्वेच्या बाजूला तिने ठेवलेले बाहेर पडायचे दरवाजे गायब होते. त्या जागी खास पाहुण्यांसाठी आलिशान कक्ष होता. तिचे वरिष्ठ, आमोद सर, यांनी हा बदल परस्पर केला होता.

"सामने असोत की गाण्याचे कार्यक्रम, सगळं एकाच छताखाली," सर निवड समितीला सांगत होते.

"आणि एवढी गर्दी बाहेर कशी पडणार?" समितीच्या अध्यक्ष आनंदीबाईंनी विचारलं.

"काहीच अडचण नाही, मॅडम." सरांनी वल्लरीकडे रोखून पाहिलं. "हो ना?"

वल्लरीने पडद्यावरच्या पूर्वेच्या बाजूकडे बोट दाखवलं.

"अडचण आहे," ती म्हणाली. "आग लागली तर पूर्वेकडचे लोक आतच अडकतील. तिथले दरवाजे काढून टाकलेत."

आनंदीबाईंनी आराखडा पुन्हा एकदा नीट पाहिला.

"अहो, मग हे दाखवायला आणलंत कशाला?" आनंदीबाई सरांना म्हणाल्या. "आधी दरवाजे लावा, मग या."

बाहेर पडताच सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

पुढच्याच महिन्यात दरवाज्यांसकट आराखडा मंजूर झाला. ती बातमी वल्लरीने दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना वाचली आणि रिक्षात एकटीच हसली.