पेंगबाबांचे तांदूळ आणि खेळाचा भाव

पेंगबाबांनी चिमूटभर तांदूळ उचलले आणि साठ माणसांनी श्वास रोखला. कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजारावरची ती लांबट खोली निवृत्त खलाशी, दुकानदार बाया आणि काम सुटलेल्या माणसांनी गच्च भरली होती. पुढे चौरंगावर देवाला वाहिलेलं उकडलेलं डुकराचं मुंडकं, त्याच्या जबड्यात खोवलेल्या नोटा. मागे भिंतीवर भलामोठा पडदा आणि त्यावर एकच आकडा: अठरा हजार वॉन.

हा भाव ‘नऊ शेपट्यांची कोल्हीण’ या संगणकावरच्या खेळाचा होता. खेळ डबीत मिळत नाही. अक्षरा-आकड्यांचा एक कोड विकत घ्यायचा, तो टाकला की खेळ घरच्या संगणकावर उतरतो. कोड वापरला नाही, तोवर खरेदी-विक्रीच्या एका साइटवर दुसऱ्याला विकता येतो; पडद्यावर त्याच साइटवरचा भाव होता. त्या खोलीतल्या एकानेही तो खेळ कधी खेळला नव्हता.

“डोंगरदेवाचा सर्व्हर कधी डाउन होत नाही!” बाबा गरजले आणि तांदूळ चौरंगावर फेकले. “सात दाणे उभे! देव म्हणतो, वर!”

पडद्यावर एकवीस हजार. मग चोवीस. मग तीस. बायका हात जोडून रडू लागल्या.

“बघ,” माझी थोरली बहीण ओक-बुन माझा दंड दाबत म्हणाली. “बसतं का तुझ्या गणितात?”

मी शाळेत गणित शिकवते. ताईचं किंबापचं, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांचं, छोटं दुकान होतं, नवऱ्यामागे एकटीने उभं केलेलं. जास्त भाडं कबूल करून तिने जागामालकाकडून अनामत सोडवून आणली होती आणि त्या पैशांत बाबांकडूनच तीनशे कोड घेतले होते. मला सांगितलं ते घेऊन झाल्यावर.

“ताई, त्यातला एक तरी विकलास का?”

“चढत्या भावात कोण विकतं? शाळेत पोरांना असलं शिकवतेस?”

पुढचे तीन दिवस मी मोकळ्या तासाला ती साइट उघडून बसले. कोल्हिणीचे विक्रेते अकरा. रोज अकराच्या ठोक्याला, बाबा तांदूळ फेकतात त्याच वेळी, स्वस्त विक्रेते एकेक करून गायब व्हायचे. तासाभराने सगळे परत हजर.

चौथ्या दिवशी मी स्वस्तात सहा कोड घेतले, रजा टाकली आणि खोलीत जाऊन ताईशेजारी बसले. भाव तीस हजारांवर पोचला तशी उठले.

“बाबा, आता मी सांगते, खाली.”

मी फोनवरून माझा एक कोड पाच हजारांना विक्रीला लावला. पडद्यावर पाच हजार झळकले. खोलीत कालवा झाला. दहा सेकंदांत कुणीतरी तो कोड उचलला. पुन्हा तीस हजार.

“पुन्हा खाली,” मी म्हणाले. पुन्हा पाच हजार.

“या बाईच्या अंगात कोल्हीण आलीय!” बाबा किंचाळले.

“अंगात काही नाही, हातात फोन आहे. माझे कोड कोण उचलतंय ते बघा.” मी चौरंगामागचा कागदी आडोसा बाजूला सारला. बाबांची बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. त्यावर अकरा विक्रेत्यांची अकरा खाती उघडी.

“पडद्यावर दिसतो तो सगळ्यांत स्वस्त विक्रेत्याने मागितलेला भाव,” मी म्हणाले. “स्वस्त माल हटवला की आकडा चढतो. तेवढे पैसे कुणी दिलेत, असा त्याचा अर्थ नाही. विक्रेते अकरा दिसतात, पण मालक हे एकच. तुम्ही सोडून यांना गिऱ्हाईकच नाही.”

मला वाटलं, उजेड पडला.

म्हातारे खलाशी ग्वाककाका उठले. “तीस हजार होता. माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाई, तुम्ही पाडलात.”

“हिनेच पाडला!” मागून ओरडा झाला. मला आवरायला पुढे आलेल्या ताईने माझा दंड सोडला आणि माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

मी पोलिसांत गेले. हवालदार म्हणाला, “कोड खरे आहेत ना? मग माल मिळाला. तक्रार कशाची?” आठवड्याने पेंगबाबा गाशा गुंडाळून गेले. महिन्याभरात खेळ काढणाऱ्या कंपनीने स्वतःच तो चार हजारांना विकायला काढला. ताईचे सात कोड कसेबसे विकले गेले. बाकी वहीत तसेच आहेत.

थंडीत दुकान बंद झालं. आता ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मुळे सोलते आणि दर गुरुवारी नव्या बाईकडे जाते. ही बाई घंटा वाजवून दुसऱ्या एका खेळाचा भाव सांगते.

“ताई, या नव्यांतला निदान एक कोड विकून बघ.”

“तू येऊ नकोस तिथे,” ती मान वर न करता म्हणते. “तू आलीस की पडतो.”

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी चढता आकडा दाखवला तर हात जोडू नका. त्या भावाने पैसे कोण देतंय, त्याचं नाव विचारा. मी हे साठ जणांना सांगितलं. साठही जण दर गुरुवारी तिथे असतात.