टकटक वाजणारी डिस्क

कारखान्यांनी हार्ड डिस्कचं उत्पादन घटवलंय, महिनाभरात भाव दीडपट होतील, असं घाऊक व्यापाऱ्याने सांगितलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने गाठीची सगळी शिल्लक मोडून चाळीस डिस्क उचलल्या आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कपाटात कोंबल्या. कोणी विचारलं तर माल संपलाय म्हणायचं, असं बायकोला बजावलं.

त्याच आठवड्यात त्याची आत्या आली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई अठरा वर्षं गावाबाहेरच्या तळ्यावर बेडकांचे आवाज टिपत होती. सगळे आवाज एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क आता टकटक वाजत होती.

त्याने ती जोडून ऐकली. अशी डिस्क तत्काळ बंद करायची आणि आतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. पण तसं म्हटलं असतं तर आत्या म्हणाली असती, मग आत्ताच उतरव. आणि तिच्या पोटात काही राहत नसे. तिला एक दिली असती तर तिचे निम्मे जुने विद्यार्थी दारात उभे राहिले असते. तो म्हणाला, माल नाही, पुढच्या महिन्यात ये. सुताराच्या घरी खिळा मिळेना, असं म्हणत आत्या हसत गेली. बायको मान खाली घालून बिलं लावत राहिली.

भाव खरंच वाढले. महिन्याने आत्या परत आली तेव्हा डिस्क वाजत नव्हती. फिरतही नव्हती. दुपारभर त्याने नाना खटपटी केल्या, हाती काही लागलं नाही.

"रोज थोडं थोडं ऐकत होते," आत्या म्हणाली. "त्यानेच गेली का रे?"

"हो."

"माझंच चुकलं मग. तुझ्याकडे मालच नव्हता, तू तरी काय करणार?"

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला सोसेना. आत जाऊन त्याने कपाट सताड उघडलं आणि तिला बोलावलं. खोकी वरपर्यंत रचलेली होती.

"तेव्हाही होत्या, आत्या."

तिने वरचं एक खोकं हातात घेऊन पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नसती दिलीस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "चालू करू नकोस, एवढं तरी सांगायचंस."