अकरा भाग बंद राहिलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, पण माझी आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. हसू नका. तुमच्या घरच्या दाराला विचारलंत तर ते पटकन सांगेल. माझं तसं नाही.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो की माझा जन्म घनदाट जंगलात झाला, मला चाळीस हत्तींनी ओढत आणलं आणि वाटेत एका वाघानं मला नख मारलं. आता वय झालं, एवढ्या मोठ्या थापा पेलवत नाहीत. हत्ती नव्हते. मी प्लायवूडचा आहे. दोन पातळ फळ्या, मध्ये पोकळी, वर तपकिरी रंग आणि त्यावर ब्रशनं ओढलेल्या सागवानी रेषा. नखाची खूण मात्र खरी आहे. फक्त ती वाघाची नाही, पटाशीची आहे.

ती पटाशी होती सुतारकाकांची. त्यांनी मला एका टीव्ही मालिकेसाठी घडवलं. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये एक दिवाणखाना उभा केला होता. सोफा होता, न चालणारं घड्याळ होतं आणि खिडकीबाहेर रंगवलेलं आभाळ होतं. मला वाटलं, माझ्यामागे खोली असणार. तर मागे एक पंखा, वायरींची भेंडोळी, चहाचा थर्मास आणि शेजारच्या मालिकेतल्या इस्पितळाची भिंत. म्हणजे माझ्यातून आत जाणारा माणूस थेट बाहेर जायचा. पहिल्याच दिवशी माझं डोकं चक्रावलं.

मालिका भलतीच लाडकी होती. एका कुटुंबाची गोष्ट, वडील, आई आणि तीन मुलं. पहिल्या तीन पर्वांत दोन लग्नं मोडली, चार अपघात झाले, थोरल्याची स्मृती गेली आणि परत आली, आणि जळून मेलेली आत्या पुन्हा चहा प्यायला हजर झाली. लोकांनी सगळं डोक्यावर घेतलं. मालिका लागली की रस्ते ओस पडायचे, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

मग चौथं पर्व आलं, आणि वडिलांचं काम करणारे नट दिग्दर्शकाशी भांडून निघून गेले. रागात इतके की चपला विसरले. लेखिकाबाई येरझाऱ्या घालत होत्या, त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"वडील ह्याच्या मागे आहेत," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकानं मागे जाऊन बघितलं. "इथं थर्मास आहे."

"अहो, गोष्टीत. कारखाना बंद पडला, नोकरी गेली, म्हणून खोलीत जाऊन बसलेत. बोलत नाहीत. बायको बाहेरून विचारते, ते आतून दार वाजवतात. एकदा वाजलं तर नाही, दोनदा वाजलं तर हो."

"असं किती वेळ चालणार?"

"अकरा भाग."

आता अडचण अशी की सेटवरची भिंत कापडाची. आईचं काम करणाऱ्या बाईंनी माझ्यावर हात ठेवला की अख्खं घर डुलायचं. म्हणून सुतारकाका मागे स्टुलावर बसले आणि पाठीनं चौकट धरून ठेवली. दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्ही बसलाच आहात तर टकटकही तुम्हीच करा."

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "अहो, जेवणार ना?" काकांनी लगेच टकटक करून टाकली, जणू पोस्टमन आलाय.

"काका, दमानं घ्या," दिग्दर्शक म्हणाला. "ह्या माणसाला भूक लागलीय, पण सांगायची लाज वाटतेय."

काकांनी मान खाली घातली आणि बराच वेळ विचार केला. पुन्हा चित्रीकरण सुरू झालं. बाईंनी विचारलं. काकांनी एकदाच वाजवलं. म्हणजे नाही. आणि थांबले. इतके थांबले की हातात ताट धरलेल्या बाईंच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. मग काकांनी हळूच दुसऱ्यांदा वाजवलं. अख्ख्या शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ते बोट माझ्यावर पडलं तेव्हा माझ्या पोकळीत काहीतरी हललं. वाळवी नव्हती. मी नंतर तपासून घेतलं.

लोकांना मात्र ते पर्व अजिबात आवडलं नाही. पोतंभर पत्रं आली. 'नुसतं दार काय दाखवता?' 'दाराला बक्षीस द्या आणि आम्हाला सोडा.' मालिका बंद पडली. मी गोंधळून गेलो. बंद राहणं हेच तर माझं काम होतं, आणि ते मी चोख केलं होतं. मग चुकलं कुणाचं?

सेट मोडला तेव्हा काका मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले आणि मागच्या खोलीला बसवलं. बाहेरच्या खोलीकडे उघडणारा, सेटवर होतो अगदी तसा. आणि काय सांगू, माझ्यामागे खरोखरची खोली होती. खाट, हत्यारांची पेटी, चार भिंती. पहिले काही दिवस मला भीतीच वाटायची.

काकू पाहुण्यांना मला दाखवायच्या. "हेच ते दार. एक चालती मालिका ह्यानं बुडवली. जरा लांबच बसा."

काका हिरिरीनं बोलायचे. "अगं, आधीच्या पर्वांत नुसता आरडाओरडा होता. चौथ्या पर्वात कुणी कुणाच्या थोबाडीत मारली नाही, कुणाची स्मृती गेली नाही. एक माणूस दुखावला, आणि घर हळू आवाजात बोलायला शिकलं. ह्याला धाडस लागतं."

"ह्याला झोप लागते," काकू म्हणायच्या.

श्रेयनामावलीत काकांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांची इच्छा एकच होती, की बायकोनं एकदा ते अकरा भाग बघावेत आणि टकटक कशी झालीय ते सांगावं. त्यांनी कुणाकडून तरी डिस्क बनवून आणली होती. ती टीव्हीखाली धूळ खात पडली. काकूंना दरवेळी काम असायचं. एकदा तर त्यांनी उन्हाळ्यात लोकर काढली आणि स्वेटर विणायला बसल्या. हेही मला समजेना. नाटक-सिनेमा सगळं बघणारी बाई ह्याच एका गोष्टीला का बिचकते?

एका रविवारी लेक आणि जावई आले. मालिकेचा विषय निघाला.

"चौथं पर्व ना? मी पुढे ढकलून ढकलून बघितलं, बाबा," जावई म्हणाला. "कितीही पुढे गेलो तरी दारच. आणि आत कुणी नव्हतंच म्हणे. ती टकटक मशीननं काढली होती."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंना खरं काय ते ठाऊक होतं. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होतं.

"असेल," काकू म्हणाल्या. "चहा गार होतोय."

काका उठले, मागच्या खोलीत गेले आणि मला ओढून घेतलं. खाड्कन. लेकीनं हाका मारल्या, जावयानं तीनदा माफी मागितली. आतून हूं की चूं नाही. शेवटी काकूंनी दोघांना घरी पाठवलं.

मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात ताट नव्हतं. हात कमरेवर होते.

"अहो, पुरे झालं. बाहेर या."

उत्तर नाही.

"हेच, हेच तुमचं. तिकडे ती बाई जेवणार का म्हणून विचारायची, तिला अकरा आठवडे उत्तर मिळत होतं. मी इथं पानं वाढून विचारायची, तर एक नाही की दोन नाही. यायचात आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचात. म्हणून नाही बघितलं मी ते. दुसऱ्या बाईला दिलेली उत्तरं मी कशाला ऐकू?"

मित्रांनो, मी दोघांच्या मध्ये होतो. इकडून काकूंचा श्वास, तिकडून काकांचा. दोघंही खरं बोलणारी माणसं. मी कुणाची बाजू घ्यायची?

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "दिवसभर त्या माणसासारखा बसायचो गं. घरी आल्यावर तो अंगातून उतरायचा नाही."

"मग मला सांगायचं. मी उतरवला असता."

आत काका हसले. त्यांनी मला ढकललं. मी हललो नाही. काकूंनी ओढलं. तरी नाही. शेजारच्या मोरीची ओल पिऊन पिऊन माझी कड फुगली होती. मी मनापासून जोर लावत होतो, पण प्लायवूडचं पोट, एकदा सुटलं की सुटलं.

"बिजागऱ्या तुझ्या बाजूला आहेत," काका म्हणाले. "पिना काढ. आधी खालची. खाली खिळा लाव आणि वर ठोक."

"हातोडी कुठंय?"

"माझ्याजवळ."

काकूंनी कॅलेंडरचा खिळा उपसला, खलबत्त्यातला बत्ता आणला आणि ठोकायला बसल्या. पहिला घाव माझ्यावर, दुसरा अंगठ्यावर. काका आतून सांगत होते, काकू बाहेरून भांडत होत्या. "तिरका धरू नकोस." "मी सरळच धरलाय, तुमचं दार तिरकं आहे." तासभर असं चाललं. त्या घरात इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटची पिन उडाली, काकांनी खांद्यानं रेटा दिला आणि मी जमिनीवर उताणा पडलो. काका माझ्यावरून चालत बाहेर आले आणि काकूंचा अंगठा बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी स्वतः डिस्क लावली. चार दुपारी मिळून अकरा भाग बघितले. मी भिंतीला टेकून उभा होतो, त्यामुळे मलाही पहिल्यांदाच बघता आलं. शेवटचा भाग संपला. काका रंधा हातात घेऊन माझ्यापाशी बसले होते, कान काकूंकडे.

"रटाळ आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी मान हलवली.

"पण ते एकदा वाजवून थांबलात ना, तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. म्हटलं, हा माणूस आता नाही म्हणतोय. उपाशी राहतोय हा."

काकांनी रंधा टेकवला आणि माझी कड तासायला घेतली. डोळे पुसत तासत होते, त्यामुळे गरजेपेक्षा जास्तच तासली गेली. तेव्हापासून मी चौकटीत ढिला आहे. नीट लागत नाही, आणि मला दुरुस्त करायचं दोघंही नाव काढत नाहीत.

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातल्या दारांना ओल लागू देऊ नका, बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा तेल घाला. आणि कुणी दार लावून आत बसलं, तर कंटाळा येतो म्हणून पुढे ढकलू नका. एकदाच वाजलं तरी लगेच निघून जाऊ नका. जरा थांबा. पुष्कळ माणसांना दुसऱ्यांदा वाजवायला वेळ लागतो.