गोडीने काढलेली गोष्ट

सुरेखाने खडूने तिसऱ्या शब्दाखाली रेघ ओढली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बिभीषण अजून मोटारसायकलपाशी उभाच होता.

"तिन्ही शब्द बाहेर काढण्याचेच," ती मुलींना म्हणाली. "एक्स्ट्रॅक्ट म्हणजे ओढून काढणं. एक्स्टॉर्टच्या मुळाशी लॅटिनमधलं पिळणं आहे, धाकाने उकळायचं ते. आणि एलिसिट म्हणजे गोडीने काढून घेणं."

"म्हंजी हा चांगला शब्द, मॅडम?"

"मूळ लॅटिन अर्थ भुलवणं असा आहे," सुरेखा म्हणाली आणि वर्ग सोडला. संस्कृतीला मात्र तिने थांबवून घेतलं.

संस्कृतीच्या शेजारची जागा आज रिकामी होती. ती राजेश्वरीची. बिभीषणची ही लेक, अकरावीतली, सकाळपासून घरात नव्हती. ऊसतोडीला जायच्या आत बापाला तिचे हात पिवळे करायचे होते आणि रविवारी तिचं लग्न होतं. पोरगी अजून लहान आहे, हे सुरेखाने त्याला मागेच सांगून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

आज तोच क्लासच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला होता. "संस्कृतीला समदं ठावं हाय. मी इचारलं तर रडंल ती. तुमी गोडीनं काढा, मॅडम."

सुरेखा हो म्हणाली, कारण दुपारपासून तिच्या डोळ्यांपुढे वस्तीमागची विहीर येत होती. पोर जिवंत आहे एवढं कळलं, तरी तिच्या जिवात जीव येणार होता.

तिने डब्यातली गूळपोळी संस्कृतीपुढे सरकवली. "खा गं. सकाळपासून तोंड सुकलंय तुझं."

संस्कृतीने एक घास मोडला. तो तोंडात जायच्या आधीच तिचे डोळे भरून आले. "मॅडम, ती गेली ना, ती..."

सुरेखाची नजर फळ्यावर गेली, तिथून गूळपोळीवर आली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"थांब. गावाचं नाव सांगू नकोस मला." सुरेखाला खोटं कधी पचलंच नव्हतं. जरा काही लपवायला गेली की कान लाल व्हायचे, आणि हे सगळ्या जामखेडला माहीत होतं. "सुखरूप आहे?"

"व्हय."

"जेवली?"

"पिठलं-भाकरी खाल्ली. क्लासला येताना फोन आल्ता."

सुरेखाचा जीव भांड्यात पडला. "तू बस इथेच," असं सांगून ती बाहेर आली.

बिभीषण लगबगीने पुढे झाला. "काय म्हनली?"

"राजेश्वरी कुठे आहे, ते मला ठाऊक नाही."

हे एका दमात सांगून झालं. खरंच होतं, त्यामुळे कान लाल व्हायचा प्रश्नच नव्हता. सुटले, असं तिला वाटलं.

बिभीषण ओरडला नाही. हातातली किल्ली नुसती फिरवत राहिला. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "सकाळी च्याबी न पिता गेली वो माजी लेक. जेवली आसंल का?"

"जेवली," सुरेखा म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिला आपली चूक कळली. बिभीषणने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. सुरेखाला त्याची दया आली, आणि तेवढीच भीतीही वाटली.

त्याने उपरण्याने तोंड पुसलं, किल्ली खिशात टाकली आणि क्लासच्या पायरीवर बसकण मारली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मंग बसतो मी हितंच."

आत संस्कृतीने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. क्लासला दुसरं दार नव्हतं.