ऑटोवरची मोटर

“मांगं पाह्य वं, मांगं! छतावर आहे तो!” हेडफोनमध्ये वर्गातली पूनम ओरडत होती.

राखीने बंदूक वळवली तेवढ्यात पडद्यावर फोन आला. बाबा. खेळ न थांबवता तिने तो घेतला.

“राखे, इहिरीत उतरून राह्यलो मी. मोटरच्या जाळीत कचरा अडकला. मोटर ऑटोतून काढ.”

“हो बाबा.”

“काढली?”

“हाव, काढली.”

फोन ठेवून ती खेळात परतली. मोटर ऑटोतून काढायला स्टार्टरचं अ‍ॅप उघडावं लागलं असतं आणि तेवढ्यात छतावरच्या माणसाने तिला मारलं असतं. हे झाल्यावर काढू, असं तिने ठरवलं. लाईट यायला वेळ होता.

मेहकरजवळच्या त्या गावात बहुतेकांच्या विहिरींवर आता मोबाईलवर चालणारे स्टार्टर आहेत. शेतातली लाईट पाळीने येते. मोटर ऑटोवर ठेवली की लाईट येताच ती आपोआप सुरू होते आणि स्टार्टर मालकाला फोन करून तसं कळवतो. बाबांचा म्हणजे वामनरावांचा फोन बटणांचा होता, म्हणून स्टार्टर राखीच्या फोनला जोडलेला होता. ती बारावी सायन्सला होती. मोठा फोनही अभ्यासासाठीच घेतलेला. दिवाळीनंतरच्या चाचणीत ती फिजिक्समध्ये नापास झाली, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पुस्तक मांडीवर आणि फोन पुस्तकात, अशी ती दुपारभर बसायची. पोरगी मान वर करत नाही, असं तिच्या आई आशाबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

पुन्हा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘मोटर’. राखीने तो कापला. हा फोन ती रोजच कापायची, कारण तो नेहमी डावाच्या मध्येच यायचा.

“मेली ना मी!” पूनम म्हणाली. “तुह्या फोनापायी मेली. कोन होतं वं?”

“कोनी नाही. मोटर...”

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला कळलं.

तिने स्टार्टरला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईने सावकाश आवाजात नमस्कार केला, कंपनीचं नाव सांगितलं, मोटर सुरू असल्याचं सांगितलं, बंद करण्यासाठी तीन दाबा म्हटलं. राखीने तीन दाबलं. “आपली मोटर बंद झाली आहे,” बाई म्हणाली. मग राखीने बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला.

ती चप्पल न घालताच पळाली. अंगणात आशाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. “काऊन पळून राह्यली वं?” त्यांनी विचारलं. ती तशीच शेताकडे धावली.

पाण्यातल्या मोटरीची केबल एका ठिकाणी सोललेली होती. बाबांनी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पट्टी गुंडाळताना राखीनेच केबल धरली होती. पळताना तिच्या डोळ्यांपुढे तेवढीच पट्टी होती.

शेत दिसलं. तुषार सिंचनाच्या तोट्या गप्प उभ्या होत्या. क्षणभर तिला बरं वाटलं. जवळ गेल्यावर तिने पाहिलं, हरभरा ओला होता. तोट्यांभोवतीची माती काळी झाली होती आणि पानांवरून थेंब गळत होते. म्हणजे मोटर खरंच चालली होती.

विहिरीच्या काठावर बाबांच्या चपला होत्या. शेजारी घडी घातलेला सदरा. त्याच्या खिशात फोन वाजत होता. तिने आपला फोन कानाला लावलेलाच होता.

“बाबा!”

विहिरीतून तिचाच आवाज परत आला. खाली पाणी काळं होतं आणि हलत होतं. वाकून पाहायचं तिचं धाडस होईना. ती काठाचा दगड धरून खाली बसली.

“काऊन वरडून राह्यली?”

वामनराव बांधावरून येत होते. उघडे, कमरेपर्यंत भिजलेले, हातात विळा.

“प्लास्टिकची पन्नी गुंडायली जाळीले. हातानं निंघेना. म्हनून बाजूच्या किसनरावच्या वावरातून इळा आनला.” ते हसले. “तिथूनच पाह्यलं, तुषार सुरू झाले अन् बंदबी झाले. म्हटलं, पोरगी मोटर तपासून राह्यली. बाप वर आल्याचं हिले घरी बसून कसं दिसलं?”

गप्प बसली असती तर विषय तिथेच मिटला असता. राखीला ते समजत होतं.

“मी तपासली नाही, बाबा. मी ऑटो काढलंच नव्हतं. गेम खेळून राह्यली होती. खोटं सांगतलं तुम्हाले.”

वामनरावांनी विळा काठावर ठेवला. विहिरीकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळहातांकडे.

“दोन्ही हातानं धरेल होती मी ते मोटर,” ते म्हणाले. “आत्ता. इळा आनाले वर याच्या आधी.”

त्यांनी तिला मारलं नाही. शिवीही दिली नाही. ते स्टार्टरकडे गेले.

“पेटीची चावी आन घरून.”

केबलचोरांच्या भीतीने स्टार्टरच्या पेटीला कुलूप असायचं. “आता काढलं ऑटो, बाबा. हे पाहा ना,” तिने फोन पुढे केला. त्यांनी फोनकडे पाहिलं नाही.

“चावी आन.”

तिने आणली. त्यांनी पेटी उघडून तिन्ही फ्यूज उपटले, सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि मगच पायरी उतरले.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. राखीने त्याच दिवशी गेम काढून टाकला. दोन दिवसांनी कॉलेजच्या एसटीत पुन्हा घेतला. डाव सुरू झाला, कुणाचा तरी फोन आला आणि तिच्या हातातून मोबाईल निसटून सीटखाली गेला. तो उचलून तिने गेम पुन्हा काढून टाकला. स्टार्टर बाबांच्या बटणांच्या फोनला जोडून दिला आणि आकडे दाबून तो कसा चालवायचा ते शिकवलं. फिजिक्स नापास झाल्याचं सांगितलं आणि आपला मोबाईल आईच्या हवाली केला. “अभ्यास कशावर करशीन मंग?” आईने विचारलं. “पुस्तकावर,” ती म्हणाली. पानावर मन ठरत नव्हतं. अंगठे आपोआप हलायचे, तेव्हा ती हात मांडीखाली दाबून बसायची. “मेली का वं तू?” पूनमने वर्गात विचारलं. राखीला हसता आलं नाही.

घरात बसवेना, म्हणून ती पुस्तक घेऊन शेतात जाऊ लागली. जानेवारीत जाळी पुन्हा तुंबली. वामनराव सदरा काढत असताना तीच पेटीकडे गेली आणि येऊन विहिरीच्या काठावर बसली. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“फ्यूज काढले, बाबा.”

ते तिथेच थांबले.

“दाखव.”

राखीने पुस्तक बाजूला ठेवलं आणि हात पुढे केला. तळहातावर चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज होते. वामनरावांनी ते नीट पाहिले, तिच्या तोंडाकडे न पाहता मान हलवली आणि खाली उतरू लागले. त्यांचं डोकं काठाखाली गेलं, पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, तरी तिचा हात तसाच पुढे होता.