गार हातांनी वळायचे गोळे

पाऊस सरला आणि इनास डाबरेची बायको मार्सेलीन चॉकलेटची झाली. एका रात्रीत झाली असं नाही हो. आधी टाचा झाल्या, मग पोटऱ्या, मग तसंच वर वर चढत गेलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला ती केसांच्या टोकापर्यंत पुरी झाली. दुखलं नाही, खुपलं नाही. डॉक्टर घरी आले, त्यांनी तिच्या कोपरावर नखाने जरासं खरवडलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "दुधाचं आहे. ऊन टाळा, चूल टाळा." औषध काही लिहून दिलं नाही.

आळीतल्या लोकांनी चार दिवस तोंडात बोटं घातली आणि मग सोडून दिलं. वसईत माणसाला आपल्या केळी, आपल्या विहिरी आणि आपली दुखणी पुरतात, दुसऱ्याच्या बायकोकडे किती दिवस बघत बसणार? फादरांनी तिला देवळात मेणबत्त्यांपासून लांब, दाराजवळचं बाक दिलं. इनासने तिच्या पलंगाचे पाय पाण्याच्या वाटग्यांत ठेवले, मुंग्या चढू नयेत म्हणून. शेजारच्या अपोलीनबायचा नातू एकदा मार्सेलीनच्या मांडीवर बसला आणि कुणाचं लक्ष जायच्या आत तिच्या करंगळीचं टोक चोखून मोकळा झाला. अपोलीनबायने कपाळावर हात मारून घेतला. मार्सेलीन म्हणाली, "असू दे गं. गोड लागलं त्याला."

पंचाईत होती ती हात लावण्याची. सुरुवातीला इनासला अंदाज नव्हता. तिला पलंगावरून उठवताना त्याने आयुष्यभर धरत आला तसा तिचा खांदा धरला, तर चार बोटं आत रुतली. तो घाबरून पुसायला, सारखं करायला गेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचीच आहे ती खूण. कुठे परक्याची आहे?"

तेव्हापासून इनासने रीत बसवली. परातीत बर्फाचं पाणी घ्यायचं, मनगटापर्यंत हात बुडवायचे, बोटं बधिर झाली की पुसायचे, आणि मग तिला हात लावायचा. तोही कसा? अलगद, भराभर, आणि लगेच काढून घ्यायचा. तिचे केस तो गार फणीने विंचरायचा. गाऊनची बटणं लावायचा ती तोंड दुसरीकडे करून, कारण तोंडाची वाफसुद्धा तिला लागायची. झोपायचा बाहेरच्या खोलीत. तिची सगळी सेवा तो करत होता, आणि ती समोर बसलेली असताना त्याला तिची फार आठवण येत होती. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला, तिलाच सांगितलं असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा जोविट बोटीवर होता, इंजिनखोलीत. त्याचे दोन नाताळ हुकले होते. फोनवर मार्सेलीन नेहमीसारखी बोलायची, जेवलास का, अंघोळीला गोडं पाणी मिळतं का. बाकी काही नाही. पोरगा भर समुद्रात, त्याला कशाला घोर लावायचा? या नाताळला येतो म्हणाला, तेव्हा तिने फोन ठेवला आणि इनासला बजावलं, "तो आला की मी त्याला पोटाशी धरणार. आत्ताच सांगून ठेवते. मध्ये येऊ नका."

"धर की," इनास म्हणाला, आणि मनातल्या मनात बर्फाचा हिशोब करायला लागला. कारण जोविटचे हात जन्मापासून गरम. तान्हा होता तेव्हा मार्सेलीन थंडीत त्याच्या मुठी आपल्या गालांना लावून बसायची. भाकरी, माझ्या पोराचे हात म्हणजे तव्यावरची भाकरी, असं सगळ्यांना सांगत फिरायची. आणि आता तर वर ते इंजिन.

त्यातच ऊन राहायला लागलं. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी काचेच्या कौलातून बाहेरच्या खोलीत नेहमीचा कवडसा पडला आणि सूर्य बुडाला तरी तो गेला नाही. कोबावर तसाच पडून राहिला, पिवळा, ऊनऊन. इनासने केरसुणीने लोटून बघितला. गोणपाट टाकलं तर गोणपाट तापलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा आला आणि तोही मुक्कामाला राहिला. अपोलीनबाय बघून गेली आणि म्हणाली, "आमच्याकडे तर येतं नि जातं बाई." मग खिडकीतून आलं ते भिंतीला धरून राहिलं. इनासने खिडक्या बंद केल्या, फटींत कागद कोंबले, तरी रोज थोडं थोडं जास्तच. आठवड्याभरात बाहेरची खोली भरली. मग निजायची खोली. मार्सेलीनचं स्टूल सरकत सरकत स्वयंपाकघरात आलं, मोरीजवळच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या अर्ध्या उघड्या दारासमोर. इनास म्हणाला होता, कप्पे काढतो, आतच बस. ती म्हणाली, "मी काय पापलेट आहे?"

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी तिने त्याला कामाला लावलं. दर नाताळला ती जोविटसाठी चॉकलेटचे गोळे करायची, संत्र्याची साल घातलेले. जोविट त्यांना ट्रफल म्हणायचा, ती गोळेच म्हणायची. यंदा हात इनासचे आणि तोंड तिचं. बाजारातून चॉकलेटची मोठी लादी आणली होती. इनासने ती पाटावर ठेवली, सुरी उचलली आणि नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"मला नाही जमायचं."

"अहो, ते दुकानातलं आहे. माझं नाही. कापा मुकाट्याने."

त्याने डोळे बारीक करून कापलं. गॅस आपल्या घरात पेटवायचा नव्हता, म्हणून क्रीम अपोलीनबायच्या घरी तापलं आणि तिने ते कुंपणावरून पातेल्यासकट हातात दिलं. मार्सेलीनने तोंड भिंतीकडे केलं, त्याने वाफ निघतं क्रीम चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतलं.

"लगेच ढवळू नका. तसंच राहू द्या. आता मधून ढवळा. मधून! कडेने काय करताय, होडी वल्हवताय का?"

काळं-पांढरं मिसळत मिसळत एकजीव झालं, चकाकी आली. मग संत्री. किसणीवर फक्त वरचं नारिंगी घ्यायचं, पांढऱ्याला लागलं की कडवट होतं. इनासची बोटं बर्फाने इतकी फुटली होती की सालीचा रस झोंबून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं आणि पुढचं सांगितलं. चमचाभर रस, सुपारीएवढं लोणी, झालं. पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि तिला गारवा लागावा म्हणून दार अर्धंच लोटलं.

जोविट अकराच्या सुमाराला आला. इनास त्याला गाठायला फाटकापर्यंत धावला आणि तिथेच सगळं सांगितलं. जोविटने बॅग खाली ठेवली.

"म्हणजे आई चॉकलेटची आहे."

"हो."

"डार्क का दुधाचं?"

"दुधाचं. डॉक्टरांनी बघितलंय."

जोविटने आपले हात पुढे करून बघितले. इनासनेही बघितले. हाताभर अंतरावरून त्यांची धग येत होती.

"तिला पोटाशी धरायचंय तुला," इनास म्हणाला. "मी नाही म्हणणार नाही. पण आधी शिकून घे बाबा, तुझ्या पाया पडतो."

घरातून जाताना त्यांना उन्हाच्या कडेकडेने, भिंतीला पाठ घासत जावं लागलं. स्वयंपाकघराच्या दारात जोविट थांबला. मार्सेलीन स्टुलावर बसली होती, निळा गाऊन घालून, केस विंचरलेले.

"आई."

"वाळलास," ती म्हणाली. "बोटीवर खायला घालत नाहीत का मेले?" आणि तिने हात पसरले.

"थांब!" इनास ओरडला. तो बायकोवर आयुष्यात कधी ओरडला नव्हता, त्यामुळे ती खरंच थांबली. "आधी गोळे वळेल. एक धड गोळा जमला की मग."

त्याने परात जमिनीवर ठेवली, फ्रिजमधून पातेलं काढलं आणि बापलेक मांडी घालून बसले. शिकवणी सुरू झाली. हात बुडव. अजून बुडव. पुस. चमच्याने एवढंसं घे. तळव्यावर ठेव, एक वळसा, दुसरा वळसा, की सोडलं कोकोच्या ताटलीत. संपलं.

जोविटने घेतलं आणि वळसा द्यायच्या आत त्याच्या हाताचा चिखल झाला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा गोल व्हायला लागलं होतं, पण ते नीट गोल व्हावं म्हणून त्याने जरा रेंगाळत फिरवलं आणि बोटांच्या फटींतून सगळं गळालं.

"अरे कुरवाळतोस काय त्याला! सोड ना!"

"वाकडा राहतो, बाबा."

"राहू दे वाकडा. हातात धरून ठेवलास तर तोही राहायचा नाही."

मार्सेलीन कोपऱ्यातून बघत होती. "त्याला ओरडू नका," ती म्हणाली. "तुम्ही तरी कुठे एका दिवसात शिकलात?"

जोविटचे हात पाण्यात गेले की बर्फ चर्र करून विरायचा. अपोलीनबायने तिच्या फ्रिजमधला बर्फ कुंपणावरून दिला, मग तिच्या जावेकडचा आला. दुपार कलली. पातेलं अर्ध्यावर आलं. जोविट खाली मान घालून वळत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी गणित चुकलं की व्हायच्या तशा. आणि मग एक जमला. मग दुसरा जमला. मग ताटलीत एकापाठोपाठ एक गोळे पडायला लागले, छोटे, गार, कोकोत लोळलेले, एकाही गोळ्यावर बोटाचा ठसा नाही. इनासला इतका आनंद झाला की त्याला पोराला मिठी मारावीशी वाटली, पण त्याने आपले हात जपून ठेवले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून ऊन आत उतरलं. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"जा आता," इनास म्हणाला.

जोविटने कोपरापर्यंत हात बुडवले, ओठ निळे पडेपर्यंत बुडवून ठेवले, पुसले. उठला, आईपुढे वाकला, श्वास धरला आणि तिला कवेत घेतलं. अलगद घेतलं आणि लगेच सोडलं. किती सुरेख सोडलं म्हणून सांगू! इनासने वाकून बघितलं, तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता, चेहरा जसाच्या तसा. शाब्बास रे पठ्ठ्या, असं तो म्हणणार, तोच मार्सेलीन बोलली.

"झालं?"

"हो, आई."

"एवढंच?"

जोविटने गार हात पाठीमागे घेतले.

"ह्या फ्रिजनेसुद्धा मला याहून जास्त ऊब दिली," ती म्हणाली. "दोन वर्षं मी ह्याची वाट बघितली? मला माझ्या पोराचे हात पाहिजेत. बर्फात बुडवलेले नकोत. जा, गरम करून ये."

"मार्सेलीन, तू उरणार नाहीस," इनास म्हणाला.

"आणि उरून इथे काय करू? तुम्ही मला सांभाळता, मी नाही म्हणत नाही. पण पाऊस गेल्यापासून तुम्ही मला धरलं नाहीत. नुसतं उचलता आणि ठेवता. मला माणसाची सवय आहे हो."

ऊन फरशीवरून सरकत तिच्या स्टुलाच्या पायाला टेकलं. जोविटने बापाकडे बघितलं. "बाबा?" त्याने विचारलं. लहानपणी विहिरीवर पोहायला जाऊ का, असं विचारायचा, त्याच आवाजात.

नाही म्हणणं इनासच्या हातात होतं. परात समोर होती, तिच्यात थोडा बर्फ अजून तरंगत होता. त्याने परात उचलली. जोविटला वाटलं, आता परत हात बुडवायला लावणार, म्हणून तो पुढे झाला. इनासने सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. मग त्याने हात लेंग्याला पुसले आणि तळवे एकमेकांवर घासायला सुरुवात केली. फुटलेली बोटं ठणकायला लागली तरी तो घासत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याचे हात त्याला स्वतःचे वाटले.

"आधी तुम्ही का मी?" जोविटने विचारलं.

"दोघंही या," मार्सेलीन म्हणाली आणि स्टुलाच्या मधोमध सरकून बसली.

एक या बाजूने गेला, एक त्या बाजूने. दोघांनी हात पुढे केले. ते अजून बोटभर लांब होते, तेवढ्यात तिचे दोन्ही खांदे मऊ होत हळूहळू त्यांच्या तळव्यांकडे सरकायला लागले.